चावडी, तालीम आणि शाळेचे छप्पर

गावातील लहानथोरांनी एकत्र बसावे अशी एखादी वास्तू उभारायची म्हटली की आपल्याकडे प्रथम जागेचा सातबारा पाहतात, मग निधी कोणाचा हे पाहतात, आणि शेवटी कोनशिलेवर नावे कोणाची यावर खल होतो. त्या वास्तूत सकाळी सहाला कोण असेल, दुपारी दोनला कोण असेल आणि आषाढातल्या संध्याकाळी कोण असेल, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही हाच प्रश्न गगनबावड्याच्या निमित्ताने विचारणार आहोत. त्याचे उत्तर इतिहासात शोधता येते, आणि त्यातले काही गगनबावड्याच्या स्वतःच्या वारशातच आहे, असे आमचे मत आहे.

गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर आहे. येथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत हा सर्वांत विरळ वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या पस्तीस हजारांच्या घरात होती आणि ती सारी ग्रामीण होती. वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली. पाऊस मात्र वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक. हा आकडा आमच्या विषयाला फार महत्त्वाचा आहे. देशावरच्या गावगाड्याचे वर्णन करताना आपले लेखक ज्या पाराला गावाचे हृदय मानतात, तो वडापिंपळाचा पार येथे जून ते सप्टेंबर केवळ ओला दगड असतो. माणदेशातल्या गावाला सावली पुरते. गगनबावड्याला छप्पर लागते, आणि छप्पर म्हटले की ते कोणाच्या मालकीचे, त्याखाली कोणाला येऊ द्यायचे आणि गळू लागल्यावर शाकारायचे कोणी, हे प्रश्न आलेच.

या गावाचे नाव मराठी गद्याच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्य यांचे घराणे बावडेकर. बावडा ही कोल्हापूर राज्यातली त्यांची जहागीर, आणि गगनगड तिचा पाठीराखा. परंपरेने रामचंद्रपंतांच्या नावे असलेले आणि १७१५ मध्ये कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावाने सिद्ध झालेले 'आज्ञापत्र' आपण अभ्यासक्रमात राजनीतीचा ग्रंथ म्हणून शिकवतो. त्यातले दुर्गांविषयीचे प्रकरण मात्र वास्तूच्या नियोजनाचा ग्रंथ म्हणून फार थोड्यांनी वाचले असेल. तसे वाचले की नवल वाटते. तट-बुरुजांच्या आधी ग्रंथकार पाण्याचा विचार करतो: पाणी पाहावे आणि मगच बांधावे; पाणी नसेल आणि स्थळ सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून टाकी करावीत; एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. राजमंदिराखेरीज गडावर थोर इमारत नको, असेही तो सांगतो. झाडलेला केर गडाखाली न लोटता जागोजागी जाळावा आणि त्या राखेवर घरोघरी परसात भाजीपाला करावा, इतक्या बारकाव्यापर्यंत तो उतरतो. आरमारासाठी लाकूड लागले तरी रयतेची आंबे-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा त्यातला भाग तर सर्वांच्या परिचयाचा आहे.

येथे आम्हाला जाणवते ते असे की हा नियोजक इमारतीच्या आधी तिच्यातला दिवस पाहतो. पाणी कोण भरेल, केर कोठे जाईल, पाऊसकाळी काय होईल, ही त्याची प्राथमिक चिंता आहे. गड ही काही सर्वांसाठी खुली जागा नव्हती, हे उघड आहे. आणि त्या काळच्या राज्यनीतीचा गौरव करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पुष्कळ माणसांनी एका ठिकाणी वर्षभर राहायचे आहे, त्यांत तरणे असतील, म्हातारे असतील, कुटुंबे असतील, हे गृहीत धरून लिहिलेले इतके व्यवहारी मराठी गद्य त्यानंतर दोनशे वर्षांत फारसे सापडत नाही.

गावाच्या पातळीवर सामायिक जागा होत्या त्या चावडी, देऊळ आणि धर्मशाळा. वयाचा भेद त्यांना ठाऊक नव्हता. देवळात म्हातारे भजनाला बसत तेव्हा पोरे खांबाआड लपंडाव खेळत, आणि त्यातूनच त्यांना अभंग पाठ होत. जातीचा भेद मात्र त्या जागांच्या पायातच होता. चावडीवर ज्यांच्या कष्टाने गावकी चाले त्या महारांना चावडीत बसता येत नव्हते. ज्या देवळाच्या पायरीशी ते उभे राहत त्या पायरीच्या वर त्यांना जागा नव्हती. 'पूर्वी सारा गाव एकत्र बसत असे' हे वाक्य आपल्या ग्रामीण आठवणपर लेखनात वारंवार येते. ते लिहिणाराची सामाजिक जागा कोठली हे पाहिल्याशिवाय ते वाक्य खरे मानू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना सुचवू.

स्त्रियांचे एकत्र येणे तर वास्तूविनाच होते. पाणवठा, नदीचा घाट आणि पहाटेचे जाते, ही त्यांची ठिकाणे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुख्यतः मावळ-मुळशीच्या डोंगरी पट्ट्यात सुरू करून महाराष्ट्रभर जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या पुढे जाते. एवढे वाङ्मय ज्या जागेत निर्माण झाले त्या जागेला इमारत म्हणून नाव नाही. ती घरातली ओसरी किंवा माजघराचा कोपरा होता, आणि तेथे आजी, सून, लेक आणि मांडीवरचे पोर अशी सारी वये एका वेळी असत. पिठाची गिरणी आली, नळ आले. कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. परंतु त्या कष्टाबरोबर जी बसण्याची वेळ आणि जागा गेली तिची भरपाई कोणत्याही योजनेने केली नाही. बचत गटाची सभा आजही अनेक गावांत कोणाच्या तरी पडवीत भरते.

कोल्हापूर शहराने सामायिक घराचा एक स्वतंत्र नमुना घडवला, तो म्हणजे तालीम. कोल्हापुराबाहेरच्या वाचकाला तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा एवढेच वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ती गल्लीची संस्था आहे. आत ठेंगण्या दाराची, कमी उजेडाची खोली, मधोमध लाल मातीचा हौद; त्या मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबू मिसळून ती मऊ राखायची, आणि हे काम रोजचे. पहाटे जोर-बैठका मारणारी पोरे, त्यांना डाव सांगणारे वस्ताद, आणि अंग थकले तरी सकाळी येऊन कट्ट्यावर बसणारे जुने मल्ल, अशा तीन पिढ्या तेथे एका वेळी दिसत. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमी फोफावल्या. पुढे कुस्ती ओसरली तरी तालीम मोडली नाही. तिने गणेशोत्सव घेतला, फुटबॉल घेतला. पाटाकडील तालीम किंवा दिलबहार तालीम ही नावे आज फुटबॉलच्या संघांची म्हणून अधिक ओळखीची आहेत. कित्येक तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे दोन्ही बसतात, आणि पंचांगाने दोन्ही सण एकत्र आणले तर एका छपराखाली शेजारी बसतात. पुराच्या दिवसांत तालमीची पोरे होड्या घेऊन निघतात. या टिकाऊपणाचे कारण आमच्या मते त्या मातीत आहे: रोज कोणीतरी उठून करायलाच हवे असे एक काम तेथे होते. त्याच्या आधाराने बाकीचे सारे वाढले. उणे म्हणावे तर हे की तालमीच्या दारातून बाई आत जात नसे. आणि गल्लीच्या जातीची छाया तालमीवरही पडलेली असे.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीकडे सामायिक वास्तूंच्या दृष्टीने पाहिले तर तीत एक अंतर्गत ताण दिसतो, आणि आम्हाला तो फार बोलका वाटतो. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि त्याच सुमारापासून एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहत गेली: जैन, मुसलमान, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. म्हणजे शिक्षणाची दारे सर्वांना उघडली, पण दारे वेगवेगळी. त्याच वेळी त्यांनी अशा जागाही बांधल्या की जेथे गर्दी एकच असेल. १९०२ च्या युरोप-प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून सुचलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरे झाले, आणि त्याला पाठ लावून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले, यावरून ती वास्तू कोणाची होती हे कळते. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाल्यावर खेड्यांत इमारती कोठून आणायच्या, हा प्रश्न होता. तेव्हा देवळे, चावड्या आणि धर्मशाळा शाळांच्या कामी आणल्या गेल्या. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा आणि दवाखाने, कचेऱ्या, पाणवठे अशा सार्वजनिक ठिकाणी भेद न पाळण्याचा हुकूम निघाला. वेगळ्या दारांपासून एका दारापर्यंत येण्यास अठरा वर्षे लागली, आणि तीही हुकूम काढण्याची ताकद असलेल्या राजाला. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात महाराज स्वतः थांबून चहा घेत, ही हकीकत सर्वज्ञात आहे. आमच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की हुकुमाने दार उघडते, पण आत बसण्याची सवय कोणीतरी आधी बसून लावावी लागते.

याच कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये हिंदुस्थानातील पहिला ग्रंथालय कायदा केला. १८५० पासूनच्या करवीर नगर वाचन मंदिराची परंपरा त्याच्यामागे होती. वाचनालय ही वय न विचारणारी जागा आहे, हे साहित्याच्या शिक्षकांना सांगायला नको. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यातल्या अ, ब, क, ड वर्गवारीत तळाच्या वर्गातले खेड्यातले वाचनालय बहुधा एक कपाट, एक टेबल आणि चार वर्तमानपत्रे एवढेच असते; परंतु पावसाळ्यातल्या दुपारी ते उघडे असेल तर तेवढेही पुष्कळ असते.

आता वाङ्मयाकडे वळू. सामायिक वास्तूच्या नियोजनाची मराठीतली सर्वांत चांगली कथा कोणती, असे विचारले तर आम्ही व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे (१९५५) नाव घेऊ. धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर गावासाठी तालीम बांधण्याची कल्पना मांडतो, गावकरी स्वतःच्या श्रमाने ती उभी करतात, औंधच्या राजेसाहेबांच्या हस्ते तिचे उद्घाटन होते. कादंबरी येथे संपली असती तर ती ग्रामसुधारणेची गोष्ट ठरली असती. माडगूळकर पुढे दुष्काळ आणतात, माणसे आणि मेंढरे वस्ती सोडून जातात, आणि बांधलेली वास्तू मागे उरते. समीक्षकांनी या शेवटाचा विचार बहुधा निसर्ग आणि मानव या अंगाने केला आहे. आम्हाला त्यात नियोजनावरची एक शांत टीकाही दिसते. मास्तरची कल्पना चांगली होती, श्रम खरे होते, राजाही सज्जन होता. तरीही तालीम गावाला पाणी देऊ शकत नव्हती. 'आज्ञापत्र'कार आधी टाकी का खोदायला सांगतो, ते बनगरवाडीचा शेवट वाचून अधिक कळते.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना आली, १९५९ मध्ये साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि प्रौढ माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली. त्या काळात शाळेची खोली दिवसा मुलांची आणि रात्री त्यांच्या आईबापांची होती. पुढे मात्र प्रत्येक वयाला स्वतंत्र खाते मिळाले. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी १९७५ पासून अंगणवाडी, त्यावरच्यांसाठी जिल्हा परिषदेची शाळा, तरुणांसाठी व्यायामशाळा, वृद्धांसाठी विरंगुळा केंद्र, आणि १९९३ पासून खासदार निधीतून सभामंडप. कायद्याने आता कोणालाही दारात अडवता येत नाही, हे मोठे पाऊल. परंतु जुन्या जागांत वये एकत्र होती आणि जाती वेगळ्या. नव्या इमारतींनी वयेच वेगवेगळी बसवली. शिवाय 'समाजमंदिर' या शब्दाचे काय झाले पाहा. सर्व समाजाचे मंदिर असा त्याचा अर्थ. पण खेड्यात समाजमंदिर कोठे आहे विचारले तर बोट बहुतेक वेळा दलित वस्तीकडे जाते. एका शब्दात शिरलेली ही वेस खाली येईपर्यंत नव्या वास्तूला काय नाव द्यावे, हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

या संदर्भात इंग्लंडच्या केंब्रिजशायर परगण्यातला एक प्रयोग आठवतो. तेथील शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी १९२४ मध्ये एक टिपण लिहिले. खेडी ओस पडत होती, लहान शाळा मोडकळीस आल्या होत्या. आसपासच्या गावांचा गट करून मोठ्या मुलांची एक चांगली शाळा काढावी, आणि तिच्याच आवारात वाचनालय, सभागृह, प्रौढांचे वर्ग, तान्ह्या मुलांचा दवाखाना असावा, अशी त्यांची योजना होती. १९३० मध्ये सॉस्टन येथे असे पहिले 'व्हिलेज कॉलेज' उघडले. दिवसा मुले, संध्याकाळी त्यांचे पालक. वास्तू एकच, आणि ती देखणी असावी असा मॉरिस यांचा आग्रह. १९३९ च्या इंपिंग्टनच्या कॉलेजाची रचना वॉल्टर ग्रोपिअस व मॅक्सवेल फ्राय यांनी केली.

वाचकांच्या लक्षात आले असेल की यात आणि आपल्याकडच्या समूह शाळेच्या कल्पनेत साम्य आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, आणि पानशेत व तोरणमाळ येथील उदाहरणे दिली. गगनबावड्यासारख्या विरळ तालुक्यात वीसच्या आतला पट ही नवलाची गोष्ट नाही. मॉरिस यांना आम्ही मानतो, म्हणून समूह शाळा या कल्पनेलाच विरोध करणे आम्हाला जमणार नाही. चार मुलांच्या वर्गात मुलाला सोबती मिळत नाहीत, हे कोणताही शिक्षक सांगेल. परंतु मॉरिस यांनी मोठी मुले नेली, लहानांची शाळा गावातच राहू दिली. शिक्षण हक्क कायद्याची नियमावलीही पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत मागते. आणि केंब्रिजशायर हे सपाट मैदान आहे. कुंभीच्या खोऱ्यात ओढा भरला की एक किलोमीटर म्हणजे किती, हे नकाशावर दिसत नाही.

खरा मुद्दा त्यापुढचा आहे. अनेक वाड्यांत शाळेची खोली हे गावाच्या सामायिक मालकीचे आणि कोणत्याही जातीच्या, कोणत्याही देवाच्या नावाने न बांधलेले एकमेव छप्पर आहे. पट कमी म्हणून तिला कुलूप लागले तर वाडी शाळेबरोबर हे छप्परही गमावते. तेव्हा सर्व वयांच्या केंद्राचे नियोजन नव्या भूखंडापासून सुरू न करता या खोलीपासून करावे, असे आमचे म्हणणे आहे. पट सात असेल तर सातांसाठी शिक्षक ठेवावा आणि उरलेल्या जागेत बाकीच्या वाडीला येऊ द्यावे. अंगणवाडी शेजारच्या खोलीत आणावी. वाचनालयाचे कपाट व्हरांड्यात ठेवावे, आणि व्हरांडा पाऊस आत न येईल इतका रुंद करावा. गगनबावड्यात वास्तूचा सर्वांत उपयोगी भाग तोच ठरेल. बचत गटाची सभा पडवीतून तेथे यावी. आणि ज्या घरांत तरणी माणसे कोल्हापूर-मुंबईला गेली आहेत तेथल्या म्हाताऱ्यांना सकाळी येऊन बसायला एक कारण असावे.

हे कारण कोणते, यावर आम्ही बराच विचार केला. तालमीत ते हौदाची माती होते, घरात जाते होते. आमच्या मते येथे ते चूल होऊ शकेल. आज शाळेचा पोषण आहार एका योजनेतून शिजतो, अंगणवाडीचा दुसऱ्या योजनेतून. बहुधा दोन चुली, दोन हिशेब. त्या दोन्हींची एक चूल झाली आणि तिच्यावर आणखी दहा म्हाताऱ्यांचा भात पडला, तर रोज सकाळी कोणालातरी येऊन तांदूळ निवडावा लागेल, पाणी भरावे लागेल, कोणीतरी परसात भाजी लावील. खात्यांचे नियम आज याला अनुकूल नाहीत, याची आम्हाला जाणीव आहे. देऊळ शाळेला द्यावे यालाही १९१७ पूर्वी कोणते नियम अनुकूल होते? जातीचा प्रश्नही येथे चुलीपाशीच येऊन उभा राहील. स्वयंपाक करणारी बाई कोणत्या वस्तीतली, यावरून पोषण आहारावर बहिष्कार पडल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या आहेत. म्हणून पहिल्या दिवशी पंगतीत कोण बसतो, हे उद्घाटनाला कोण येतो याहून अधिक काळजीने ठरवावे लागेल.

राहता राहिला किल्लीचा प्रश्न. सभामंडपाची किल्ली सरपंचाच्या घरी आणि सरपंच तालुक्याला, हा अनुभव सर्वांचा आहे. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी बरोबरीने नेमण्याची रीत होती. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. तिघेही निरनिराळ्या जातींचे असावेत अशी तजवीज असे, आणि एकट्याच्या मर्जीवर गड चालत नसे. वाडीच्या केंद्रात किल्ली अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडे असावी, कारण त्या वाडीतच राहतात. हिशेब शिक्षकाकडे, आणि तांदूळ व सरपण बचत गटाकडे. जूनच्या आधी छप्पर कोणी पाहायचे, तेवढे ग्रामसभेत नाव घेऊन लिहून ठेवावे.